पावसाची सुट्टी, घरात दोन पोरं आणि दुपारी ४ ते ७ चा वेळ

ओलेकपडे

आज परत शाळेला सुट्टी. मेसेज आला तोवर थोरलीचा युनिफॉर्म घालून, दोन वेण्या घालून, डबा भरून झाला होता आणि बाईसाहेब बूट घालून दारात उभ्या. रेड अलर्ट आहे म्हणून कलेक्टरांनी ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा बंद ठेवायला सांगितल्या. तिला हे सांगितल्यावर जो भोंगा पसरला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. शेवटी हॉलमध्ये सतरंजी टाकली, तिथेच शाळा भरवली, तिने बूट न काढता मांडी घालून डब्यातले पोहे खाल्ले आणि मग पाटी-पेन्सिल मागितली. इथपर्यंत सगळं छान.

तर आमचं घर म्हणजे डोंबिवलीत वन बीएचके, तिसरा मजला. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दीड. नवरा सकाळी लोकलने गेला तो कुर्ल्याच्या अलीकडे गाडीतच अडकून बसला होता, रुळांवर पाणी. मी घरबसल्या काही दुकानदारांचं जीएसटीचं काम करते, आज १० तारीख, उद्या जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायची शेवटची तारीख. म्हणजे सुट्टी कोणाला आहे ते समजून घ्या.

सकाळ जाते हो. सकाळी पोरं ताजी असतात, धाकट्याला सध्या एकच काम आहे, ट्रॉलीतले कांदे काढायचे आणि एकेक करून वॉशिंग मशीनमध्ये नेऊन टाकायचे, टाकला की टाळ्या वाजवायच्या, मग परत ट्रॉलीकडे. यात आरामात अर्धा तास जातो. मी तेवढ्यात कुकर लावते, कणीक मळते. साडेबाराला वरणभात-तूप, मग तो झोपतो. आता तुम्ही म्हणाल तो झोपला की काम कर. पण थोरलीने दुपारची झोप सोडलीय ना! तो झोपला की "आई, आता फक्त आपण दोघी" असं म्हणत ती मांडीवर लॅपटॉपच्या जागी येऊन बसते. आणि तिचंही बरोबरच आहे, तिला दिवसात आई एकटी मिळते ती तेवढीच.

खरा प्रश्न पुढे आहे. चार वाजले की घरात काय होतं कळत नाही. तो झोपेतून उठतो तो रडतच. ती न झोपल्यामुळे पेंगुळलेली. दोघांना एकाच डब्याचं एकच झाकण हवं असतं, तसलंच दुसरं झाकण दिलं तर चालत नाही. आज मी चहा गाळत होते तेवढ्यात तिने "काश्मीर" केलं, म्हणजे पावडरचा अख्खा डबा बेडवर उपडा, आणि त्या बर्फात धाकट्याला बसवलं. चादर बदलायची तर वाळलेली चादर नाही, घरात दोऱ्यांवर चार दिवसांचे ओले कपडे, फॅन फुल आणि तरी वास. त्यात लाईट गेली. सात वाजेपर्यंत मी काय काय केलं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण बसले एक मिनिट नव्हते. एकही काम पूर्ण नाही. भाजी अर्धी चिरलेली, एक्सेल अर्धी भरलेली, चहा परत परत गरम करून शेवटी बेसिनमध्ये.

तर मंडळी, लहान मुलं घरात असताना हे चार ते सात तुम्ही कसं काढता? पार्कात ने, बागेत ने हे सांगू नका, बाहेर धो धो आहे. महागडी खेळणीही सांगू नका. जे खरंच करता ते सांगा.

साधीसुधी

अगदी अगदी! आमच्याकडे त्या वेळेला आम्ही "राहूकाळ" म्हणतो. माझी साडेतीन वर्षांची आहे, दिवसभर शहाणी असते आणि पाच वाजता तिला केळं मधोमध मोडलं म्हणून जमिनीवर लोळण घ्यायची असते. मोडलेलं केळं जोडून पाहिजे. कसं जोडू बाई.

वाचतेय. उत्तर माझ्याकडे नाही.

नाशिककरबाबा

मी गेले काही महिने घरी आहे, बायको नर्स आहे, तिच्या शिफ्ट फिरत्या, त्यामुळे तीन वर्षांचा पोरगा आणि स्वैपाकघर माझ्याकडे. अनुभवावरून एकच सांगतो, बाकी सगळं नंतर. भूक.

आपण काय करतो, साडेबाराला जेवण आणि मग रात्री साडेआठ-नऊला जेवण, मधे बिस्किट नाहीतर कुरमुरे. मोठ्या माणसालासुद्धा हे झेपत नाही. मी पोराचं रात्रीचं जेवण सरळ साडेपाचला आणलं. स्नॅक नाही, जेवण. मऊ भात, वरण किंवा मुगाची खिचडी, वर तूप, बाजूला काकडी. भूक लागलेली असते त्यामुळे मोबाईल न दाखवता, मागे न पळता खातो. मग आठ वाजता आमच्याबरोबर ताटात बसून अर्धी पोळी नाहीतर दूध, जे जाईल ते, नाही गेलं तरी मला टेन्शन नाही कारण मुख्य काम झालेलं आहे. सुरुवातीला आई म्हणाली हे काय दिवसाउजेडी जेवण, आपण काय जैन आहोत का. आता तीच साडेपाचला कुकर लाव म्हणून आठवण करते.

दुसरं, त्याला चार वाजता उठवतो, रडत उठला तर काही बोलत नाही, काही विचारत नाही, दूध देतो आणि मांडीवर घेऊन गॅलरीत उभा राहतो. "काय झालं, का रडतोस" विचारलं की आणखी रडतो. गप्प उभं राहिलं की दहा मिनिटात स्वतःच म्हणतो "बाबा, रिक्षा."

मावशी५८

ओलेकपडे, नाव वाचूनच सर्दी झाली बघ मला. मी मिरजेची, दोन नातवंडं माझ्याकडे असतात दिवसभर, सून-मुलगा दोघं कामावर.

नाशिककरांचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या पोरांना तिन्हीसांजेच्या आत जेवू घाला, अंधार पडला की ती खात नाहीत आणि खाऊ देत नाहीत. तिन्हीसांजेला पोरं किरकिरतात हे काही आजचं नाही, म्हणून तर मीठ-मोहरीने दृष्ट काढायची पद्धत पडली असणार. मी अजूनही काढते. दृष्ट लागते की नाही ते जाऊ दे, पण पोराला पाटावर बसवलं, मुठी फिरवल्या, तव्यावर मोहरी तडतडली की पोर रडणं विसरून डोळे मोठे करून बघतं. तेवढ्यात माझा कुकर होतो. फक्त बंद घरात ऊद-धुपाची धुरी नको करत जाऊ, पावसात खिडक्या बंद असतात, लहान छातीला धूर बाधतो.

आणि पाणी. पाच वाजता न्हाणीघरात मोठी परात ठेवायची, त्यात चार बोटं कोमट पाणी, दोन वाट्या, एक चहाची गाळणी, एक चमचा. धाकटा त्यात बसतो, थोरली बाहेर स्टुलावर बसून त्याला "गिऱ्हाईक" म्हणून चहा विकते. मी दारातच पाट टाकून भाजी निवडते. उठायचं नाही तिथून, फोन वाजला तरी उठायचं नाही, आणि भरलेली बादली तर न्हाणीघरात ठेवायचीच नाही, एवढ्याशा पाण्यातही पोर तोंडावर पडलं तर त्याला उठता येत नाही. पाण्यातून काढलेलं पोर अर्ध्या तासात जेवतं आणि झोपेला लागतं. करून बघ.

तिरकसराव

आमच्या आईने पाच मुलं वाढवली. पाऊस तेव्हाही पडायचा. तिने फोरमवर धागा काढला नव्हता.

साधीसुधी

@तिरकसराव काका, आला का तुमचा प्रतिसाद, मी वाटच बघत होते 😀

पाच मुलं वाढवली म्हणजे एकटीने वन बीएचकेमध्ये दार लावून वाढवली का हो? की घरात आजी, आत्या, शेजारच्या काकू, आणि तुमच्यापेक्षा मोठी एखादी बहीण होती? माझ्या बाबांच्या घरी सात भावंडं, सदाशिव पेठेत वाडा, चौकात बारा-पंधरा पोरं एकदम. कोणाचं पोर कोणाकडे जेवतंय हे रात्रीच मोजायचे. आत्ता आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत, चारही दारं बंद. दार उघडं ठेवलं तर वॉचमन येऊन विचारतो, मॅडम सगळं ठीक आहे ना.

आणि नोकरी करणाऱ्यांचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी हेही त्यातच आलं. आमच्या ऑफिसात आहे ती सोय. एक खोली, त्यात दोन झोके आणि प्रिंटरचे रिकामे खोके. सांभाळायला माणूस नाही. कागदावर टिक झाली, संपलं.

लिफीकाठ

मी डब्लिनला असते, मुलगा चार वर्षांचा, मुलगी पावणेदोन. पाऊस हा विषय माझ्याशी बोला 😀 इथे डिसेंबरात चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, म्हणजे तुमचा ४ ते ७ आमच्याकडे रात्रच.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी पण पाऊस म्हणजे घरात असंच धरून बसले होते. मग बघितलं की मुलाच्या प्रीस्कूलमध्ये (इथे सरकारी स्कीममध्ये रोज तीन तास फुकट असतं, वर्षाचे ३८ आठवडे) पोरांना भर पावसात अंगणात सोडतात. पायापासून गळ्यापर्यंत एकच रेनसूट आणि गमबूट, बास. पोरं चिखलात बसून असतात आणि टीचर पण भिजत उभ्या. आता मी पण रोज काढते, वीस मिनिटं का होईना, डबक्यात उड्या मारून आली की दोघं घरात शांत. घरात दोन तास जे करून होत नाही ते बाहेरच्या वीस मिनिटांत होतं. भिजल्याने सर्दी होत नाही, सर्दी व्हायरसने होते, हे आईला फोनवर सांगून सांगून थकले.

ओलेकपडे, मुलांना डबक्यात सोड एकदा. खरंच.

ओलेकपडे

@लिफीकाठ अगं तुझं डबकं वेगळं आणि माझं डबकं वेगळं 😀 आमच्या गेटसमोर जे साचलंय त्यात गटार आहे, उंदीर आहेत, परवा एक चप्पल आणि एक नारळ तरंगत गेला. त्या पाण्यात पोरगी सोडली तर सर्दी नाही, लेप्टो होईल. इथे दर पावसाळ्यात महापालिका सांगत असते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. तिच्या गुडघ्याला तर कायमच खरचटलेलं असतं.

पण तू म्हणतेस त्यातला मुद्दा डोक्यात बसला. गच्ची आहे की! गच्चीवरचा पाऊस स्वच्छ असतो. सेक्रेटरींकडून किल्ली मागावी लागेल. गेल्या वर्षी कोणीतरी वर पापड वाळत घालून कबुतरांचं संमेलन भरवलं होतं तेव्हापासून कुलूप आहे.

@मावशी परात आवडली. आमच्या बाथरूममध्ये परात आणि मी एकावेळी मावणार नाही, पण मी दारात बसेन. आजेसासूबाईंचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो तिन्हीसांजेला मोठी माणसं पण किरकिरतात.

@नाशिककरबाबा साडेपाचचं जेवण उद्यापासूनच सुरू.

तीन_चाकी

कोणी बोलत नाहीये म्हणून मीच विचारतो. टीव्ही? मोबाईल? सगळे परात आणि डबकी सांगतायत, मी तर पाच वाजता सरळ कार्टून लावतो आणि स्वैपाक करतो. जुळे आहेत माझे, अडीच वर्षांचे. शिव्या घाला.

साधीसुधी

शिव्या कशाला, मी पण लावते. पण माहिती म्हणून सांगते, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाचला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं पण साधारण तेच आहे. म्हणजे तुझ्या जुळ्यांना एक तास चालतोय, ओलेकपडेच्या धाकट्याला नाही. आता एकाच हॉलमध्ये साडेचारची बघणार आणि दीडचा डोळे मिटून बसणार हे कसं करायचं ते त्यात लिहिलेलं नाही.

नाशिककरबाबा

मला वाटतं भांडण लावताना नसतं, बंद करताना असतं. मोबाईलला शेवटच नाही, एक संपलं की दुसरं आपोआप चालू. म्हणून मी मोबाईल हातात देत नाही, टीव्हीवर एक एपिसोड, तो संपला की टीव्ही बंद करायचं बटण त्याने स्वतः दाबायचं. बटण दाबायला मिळतं म्हणून एपिसोड संपायची वाट बघतो हाहा.

आणि वेळ बदला. चार वाजता लावू नका, तेव्हा लावलं तर सहाला तुमच्याकडे काही शिल्लक राहत नाही. जेवण झाल्यावर, जेव्हा तुमची पोळ्यांची घाई असते तेव्हा वापरा.

बालवाडीताई

धागा उशिरा वाचला. मी डहाणूकडची, बालवाडीत शिकवते. आमच्याकडे वर्गात पंचवीस मुलं असतात, तीन ते सहा वयाची, आणि पावसाळ्यात अंगण बंद. तेव्हा ओलेकपडे ताई, तुमचे दोन आणि माझे पंचवीस 🙂

आमचा हा भाग म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ ला बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई मूळच्या माँटेसरी पद्धतीच्या, पण ते लाकडी साहित्य पाड्यावर परवडणार कोणाला? मग त्यांनी तेच काम शंख, शिंपले, पानं, बिया, खडे यांच्यावर करून घेतलं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत. आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची म्हणून अंगणवाडी. आज गावोगावी जो शब्द आहे तो तिथला. हे सांगायचं कारण, तुम्ही खेळणी नकोत म्हणालात ते योग्यच आहे.

तुमचा धाकटा कांदे मशीनमध्ये टाकतो ना, ते त्याचं काम आहे, थांबवू नका. त्या वयाला एका जागेची वस्तू दुसऱ्या जागी नेणं, आत टाकणं, बाहेर काढणं यातच सगळा आनंद. फक्त मशीन लावायच्या आधी आत बघा. त्याला संध्याकाळसाठी दुसरी जोडी करून द्या, बटाटे आणि मोठं पातेलं. आवाज होतो म्हणून जास्त आवडतं. सकाळचा खेळ संध्याकाळी चालत नाही, नवीन काहीतरी लागतं, म्हणून पातेलं चार वाजेपर्यंत दिसूच द्यायचं नाही.

थोरलीला खरं काम द्या, खोटं नको. खोटं काम त्यांना लगेच कळतं. मोज्यांच्या जोड्या लावणं, वाळलेले रुमाल घडी करणं, कोथिंबीर निवडणं, पोळीसाठी गोळे करणं. लसूण सोलायला दिलीत तर अर्धा तास मिळेल पण डोळ्याला हात लावू नको हे आधी सांगा. गोळे वाकडे झाले तरी त्याचीच पोळी करून तिच्या बाबांना वाढा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, कोणाला हात लावू द्यायचा नाही, सतत मारामारी. त्याला रोज पाणी वाढायचं काम दिलं. जग दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, एकेका पेल्यात ओतायचा, सांडलं तर स्वतः फडकं आणायचा. मारामारी संपली असं म्हणणार नाही, पण पाणी वाढताना कधीच नाही केली.

चिंचोके असले तर थोरलीला द्या. दहाचे ढीग, सम-विषम, रांगोळी, काहीही. पण धाकटा झोपलेला असताना, आणि खेळ संपल्यावर मोजून डब्यात. दीड वर्षाचं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मण्यांच्या माळा, रिमोटमधले बटण सेल हे सगळं उंचावर. आणि कोणी बियांच्या नादात गुंजा दिल्या तर घेऊ नका, दिसायला लालचुटूक सुंदर असतात पण विषारी आहेत.

मावशी५८

बालवाडीताई, किती छान लिहिलंत. गुंजांचं बरं सांगितलंत, आमच्याकडे देवघरात वाटीत असायच्या, आम्ही सागरगोट्यांबरोबर खेळायचो. आता काढून ठेवते.

तिरकसराव

अक्काला फोन केला होता. सर्वांत मोठी बहीण, आता ७६ वर्षांची. म्हटलं, अक्का, लोक विचारतायत संध्याकाळी आई आम्हा पाच जणांचं काय करायची. अक्का म्हणाली, आई कुठे करायची, आई गोठ्यात असायची धारेला. तुला मी पडवीतल्या खांबाला जुन्या लुगड्याने कमरेत बांधून ठेवायचे आणि समोर भाकरीचा तुकडा टाकायचे. तू खांबाभोवती फिरत बसायचास, लुगडं पूर्ण गुंडाळलं गेलं की बोंब मारायचास, मग मी उलटा फिरवायचे. असं दिवे लागेपर्यंत.

हे मला ७१ व्या वर्षी समजलं. अक्का तेव्हा स्वतः सहा-सात वर्षांची होती. माहिती म्हणून इथे देत आहे.

साधीसुधी

काका 😀😀😀 उलटा फिरवायचे!! मी ऑफिसमध्ये हसतेय मोठ्याने. अक्कांना नमस्कार सांगा.

तीन_चाकी

दोन खांब आणि दोन लुगडी कुठे मिळतील? जुळे आहेत.

लिफीकाठ

हाहाहा. इथे पार्कात लोक पोरांच्या पाठीला दोरीवाली बॅग लावून फिरवतात, मी बघून नाक मुरडलं होतं. अक्का काळाच्या पुढे होत्या.

ओलेकपडे

काल परत सुट्टी होती, त्यामुळे प्रयोगशाळा आपोआप मिळाली. रिपोर्ट देते.

साडेपाचचं जेवण: धाकट्याने खिचडी अक्षरशः हाणली. वाटी पुढे करून "अजू". हा शब्द मी त्याच्या तोंडून जेवणासाठी कधी ऐकला नव्हता, फक्त झोक्यासाठी म्हणायचा. थोरलीने आधी "आत्ता काय रात्र आहे का" म्हणून वाद घातला, मग खिडकीतून बाहेर बघितलं, ढगांमुळे अंधारच होता, म्हणाली हो आहे रात्र, आणि जेवली.

गच्ची: किल्ली मिळाली. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, दहा मिनिटं, आणि जिना ओला करू नका. जिना ओला झाला. तिने छत्री घेतली नाही, तोंड वर करून जीभ बाहेर काढून उभी राहिली आणि मला म्हणाली, आई, हा पाऊस पाईपच्या पाण्यासारखा नाही लागत. धाकटा पावसाला घाबरला, मला घट्ट चिकटून बसला, मग गच्चीच्या पाईपमधून धबधब पडणारं पाणी दिसल्यावर उतरला आणि तिथून हलेना. खाली आणताना दोघं रडले, पण वेगळं रडले, म्हणजे दमलेलं रडणं. टॉवेलने पुसता पुसता थांबले.

परात: नाही जमलं. गच्चीनंतर परत पाणी नको वाटलं. रविवारी.

गोळे: सोळा पोळ्यांचे गोळे करायचे होते, तिने एकच केला, नारळाएवढा. त्यावर बोटाने डोळे काढले, मग त्याला लाटायचं नाही म्हणून अडून बसली. तो गोळा फ्रीजमध्ये आहे. त्याचं नाव बापू आहे. नवऱ्याने रात्री फ्रीज उघडला आणि दचकला.

लॅपटॉप: सात वाजता दोघं सतरंजीवर, टीव्ही वीस मिनिटं (बटण थोरलीने दाबलं, धाकट्याला दाबायला मिळालं नाही म्हणून परत चालू करून त्याला दाबू दिलं, मग तिला परत, असा तो टीव्ही बराच वेळ बंद होत राहिला). साडेआठला दोघं आडवी. मग बसले कामाला.

आता दोन प्रश्न. एक, नाशिककरबाबा, साडेपाचला जेवल्यावर पहाटे भूक लागून उठतो का तुमचा? आमचा आज पाचलाच उठला. दोन, बालवाडीताई, शहरात चिंचोके कुठे मिळतील? आम्ही चिंच बिनबियांची पाकिटातली आणतो.

नाशिककरबाबा

झोपताना दूध किंवा नाचणीची पेज द्या, आमच्याकडे त्याने फरक पडला. आणि पाचला उठला तर लाईट लावू नका, गप्पा नकोत, पुन्हा थापटा. मुलं भुकेने एकदा उठतात, मग सवयीने. आठवडाभर बघा. या वयाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप धरतात, दुपारची धरून, तेव्हा साडेआठ ते पाच आणि दुपारी तीन तास झोपला तर तसा तो हिशोबात बसतोय. तुम्ही बसत नाही, ते वेगळं.

बालवाडीताई

बापूला उद्या बाहेर काढून कोमट हाताने मळा, परत खेळता येईल. दोन दिवसांनी काळा पडतो, मग टाका, तिला सांगून टाका.

चिंचोके बाजारात किराणा भुसाराच्या जुन्या दुकानात विचारा, जिथे सुटी चिंच मिळते तिथे. नाहीतर अख्खी बियांसकट चिंच घ्या, आमटीला वापरा, बिया धुऊन वाळवा. पावसात लवकर वाळत नाहीत, तव्यावर मंद गरम करा, नाहीतर बुरशी येते.

मावशी५८

चिंचोके माझ्याकडे डबाभर आहेत गं. मिरजेहून कोणी मुंबईकडे येणारं असेल तर पाठवते. आणि ते ओले कपडे आधी इस्त्रीने वाळव, लंगोट-झबली तरी, ओलसर घातली तर मांड्यांना पुरळ येतं.

तीन_चाकी

मावशी, माझ्यासाठी पण चिंचोके. मी पनवेलला असतो, हायवेवरच. दोन सारखे डबे करा, कमी-जास्त झाले तर मी मेलो.